गयाक्कानं अडवलेला धोंडा

गयाक्काची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडायला मी गेले होते, ती नाही. मी तेव्हा सिरसाळ्याच्या बाजूच्या एका आरोग्य केंद्रात सिस्टर होते. वरून कागद आला होता की सुईतून रोग पसरतात. न्हावी, कान टोचणारे, गोंदणारे, सगळ्यांना समज द्या, ऐकत नसतील तर बंद करा. डॉक्टरांनी तो कागद वाचला, माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "सिस्टर, बाजारात ती गोंदणारी बाई आहे ना, तिला बंद करून या." जसा काही नळच बंद करायचा होता.

बाजारात अप्पांचं दुकान होतं. कुंकू, फण्या, करदोडे, काळे मणी, आरसे. अप्पा गल्ल्यावर बसत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हातात जपमाळ. दिवसातून फार तर दहा शब्द बोलत आणि त्यातले सहा "बरं" असत. दुकानाच्या मागच्या अंगाला गोणपाटाचं छप्पर होतं, आणि त्याखाली त्यांची बायको, गयाक्का, बसायची. पन्नाशीची, अंगानं भरलेली, आवाज असा की रस्त्याच्या पलीकडच्या चहावाल्याला तिला हाक मारावी लागत नसे, तीच त्याला मारायची. दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवे. बेलाचं पान, पाळणा, विंचू, सगळं तिच्या आईच्या हातचं. समोर हैदराबादहून आणलेली बॅटरीवरची मशीन घूं घूं करत होती आणि एक माणूस दात आवळून बसला होता.

"बाई, आजपासून गोंदणं बंद," मी म्हणाले.

"कावून?"

"सुईतून रोग जातो. एकाच्या रक्तातला दुसऱ्याच्या रक्तात."

"मंग सुई बंद कर की गं माय. मला कावून बंद करती?"

मी कागद पुढे केला. तिनं तो पाहिलाही नाही. त्या माणसाचं मनगट तसंच धरून म्हणाली, "ह्या बाबाचा अर्धा विंचू झालाय. नांगी ऱ्हायलीय. बिननांगीचा विंचू घिऊन घरी जाऊ दे का त्याला? बायको हसंल."

माझा स्वभाव तापट. मी चार लोकांत तिला नको नको ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं, नांगी पूर्ण केली, त्या माणसाला चापट मारून उठवलं आणि मग मला म्हणाली, "आता बस. काय करायचं त्ये सांग. बंद करायचं सोडून."

तासभर वाद घातला. शेवटी ठरलं की माणसागणिक नवी सुई आणि तीसुद्धा वीस मिनिटं उकळलेली. पण दुकानात घड्याळ नव्हतं. तेव्हा अप्पा पहिल्यांदा बोलले, "चार माळा."

मला कळेना. गयाक्कानं उलगडून सांगितलं की अप्पा एक माळ नमः शिवायची ओढतात त्याला अमुक वेळ लागतो, तर चार माळा होईस्तोवर सुया उकळायच्या. मी म्हटलं, बघू या. माझं घड्याळ काढून बसले. चहाच्या पातेल्यात सुया, स्टोव्हवर पातेलं, शेजारी अप्पा डोळे मिटून. चार माळा झाल्या तेव्हा एकवीस मिनिटं झाली होती. पुढच्या आठवड्यात न सांगता गेले आणि पुन्हा मोजलं, पुन्हा एकवीस. आमच्या केंद्रातलं सुया उकळायचं भांडं कधी वेळेवर तापत नसे, आणि इथे हे. मी परत येऊन डॉक्टरांना सांगितलं, बाई नियम पाळते, बंद करायची गरज नाही. ते म्हणाले, "बरं." मला अप्पाच आठवले.

त्यानंतर दर बाजाराला मी तपासणीच्या नावाखाली तिथे जाऊन बसायला लागले. तपासणी दोन मिनिटांची, बसणं दोन तासांचं.

गोंदायला येणाऱ्या प्रत्येकाला ती तीन प्रश्न विचारायची. "रडणार का? हलणार का? पस्तावणार का?" रडणार म्हटलं तर चालायचं. हलणार म्हटलं तर आधीच एक चापट मिळायची. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ती ऐकतच नसे, तोंडाकडे बघत बसायची आणि आपलं आपण ठरवायची. एकदा एक पोरगेला गडी आला, छातीवर पोरीचं नाव काढा म्हणाला. "तिला इचारलं का?" "न्हाई, तिला दाखवणार हाय." "आदी तिला इचार बे. ती हो म्हणली की दोघं बी या, दोघांचं बी काढते." तो पुन्हा कधी आला नाही.

नावांचा तिला तसाही वीट आला होता. तिला लिहिता येत नसे. अप्पा चिठ्ठीवर नाव लिहून देत आणि ती त्याचं चित्र काढल्यासारखं काढायची. आणि बायका तर नवऱ्याचं नाव घेणार नाहीत. मग अप्पांनी अंदाजानं नावं म्हणायची आणि बाईनं बरोबर नावाला मान हलवायची. एका बाईच्या दुसऱ्या हातावर तुळस काढतानाच हे विचारणं चाललं होतं, ती कळवळून मान हलवत होती, अप्पांना तो होकार वाटला, आणि तिच्या हातावर दगडू असं नाव निघालं. नवरा दगडू नव्हता. पण त्या घरात कोणालाच वाचता येत नसल्यानं चार-पाच वर्षं सुखात गेली. मग पोरगं पहिलीत गेलं, अक्षरं लावायला शिकलं, आणि एक दिवस आईच्या हातावर बोट ठेवून त्यानं मोठ्यानं वाचलं. त्या नवऱ्यानं दुकानासमोर जो तमाशा केला तेव्हापासून गयाक्कानं नावं सोडली. म्हणायची, "चित्राला कुणाचं नाव नसतं, भांडण न्हाई."

आणि चित्रं अशी आयती चालून आली की बघत राहावं. त्या वर्षांत बाजारात एकाएकी सगळं बाहेरचं यायला लागलं होतं. शाम्पूच्या पुड्या आल्या, एसटीडीचा पिवळा डबा आला, केबलच्या तारा घरांवरून गेल्या, आणि परदेशी जुन्या कपड्यांचे गठ्ठे आले. मे महिन्यात सिरसाळ्याची माणसं लोकरीचे कोट घालून बाजाराला यायची. अप्पांनी असाच एक गठ्ठा घेतला आणि त्यात एका कोटाच्या अस्तरात लहान मुलांचं रंगवायचं पुस्तक निघालं. जाड जाड रेघांची चित्रं, खाली दोन-दोन ओळी इंग्रजी. कुठल्या तरी लेकरानं लाल खडूनं दोनच पानं रंगवली होती आणि कंटाळून सोडून दिलं होतं.

गयाक्कानं ते माझ्यापुढे टाकलं. "वाच."

ते ग्रीक लोकांच्या पुराणाचं पुस्तक होतं. माझं इंग्रजी औषधांच्या बाटल्यांपुरतं, पण मुलांसाठी लिहिलेलं असल्यामुळे निभावलं. मी सांगायचे आणि ती प्रत्येक चित्राला एकच विचारायची, "ह्ये कशासाठी लागंल?" आमच्याकडे लाल गोळी कशाला, पांढरी कशाला विचारतात तसं.

पहिलंच चित्र त्रिशूळवाल्या दाढीदेवाचं होतं, पाण्यातून वर आलेला. अप्पांनी लगेच हात जोडले. गयाक्का बराच वेळ बघत राहिली. "अप्पा, हात सोडा. आपल्या महादेवाला एवढी दाढी कवा होती? ह्यो कुणी तरी तोतया हाय." ते चित्र तिनं जन्मात काढलं नाही. एका पुजाऱ्यानं लई आग्रह केला तरी नाही.

पुढे आभाळ खांद्यावर घेतलेला माणूस. मी वाचलं, ह्याचं नाव अ‍ॅटलास, देवांनी ह्याला शिक्षा म्हणून आभाळ उचलून धरायला लावलं.

"शिक्षा कसली? ही हमाली हाय," गयाक्का म्हणाली, आणि तिनं पलीकडच्या धान्याच्या मोंढ्यातल्या मारुती हमालाला हाक मारली. मारुती दांडगा माणूस, ज्वारीचं पोतं उचलून वर बिडी ओढणारा. त्यानं चित्र पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "ह्येचा बी डावा खांदा खाली हाय, बघा. माझ्यावानी." महिन्याभरात मोंढ्यातल्या सगळ्या हमालांच्या दंडावर अ‍ॅटलास आला. आभाळ किती क्विंटलचं असेल यावर त्यांची रोज चर्चा. ते एकट्यानं उचलायला लावणारा मुकादम कोण, यावर भांडणं. कामावर नवा माणूस आला की आधी त्याचा दंड बघायचे, चित्र नसेल तर त्याला हलकी पोती. एकदा परळीच्या मोंढ्यात मारुतीला कोणी ओळखेना, तर त्यानं बाही वर केली. तिथल्या एका हमालाच्या दंडावरही तेच निघालं, आणि दोघं गळ्यात गळा घालून चहा प्यायले.

मग केसांच्या जागी साप असलेली बाई निघाली. ह्या बाईकडे जो बघेल त्याचा दगड होतो, असं मी वाचून दाखवलं. मला वाटलं, हे काही कोणी काढून घेणार नाही. तेवढ्यात तिथे करदोडा घ्यायला आलेली शालन नावाची सून म्हणाली, "अक्का, मला ह्येच पायजे. भाकरी थापताना सासूला दिसंल अशा जागी."

काढून दिलं, मनगटाच्या वर. शालनची सासू गावात नावाजलेली भांडखोर. तिला कोणीतरी चित्राचा गुण सांगितला आणि त्या दिवसापासून तिची पंचाईत झाली. शिव्या तर द्यायच्या, पण सुनेकडे बघायचं नाही. ती भिंतीकडे तोंड करून भांडायला लागली. पंधरा दिवस भिंतीला शिव्या बसल्या, मग म्हातारी स्वतःच दुकानात येऊन हात पुढे करून बसली. "मला बी काढ. तिच्यापेक्षा दोन साप जास्ती." गयाक्कानं मोजून दोन जास्त काढले. आता दोघीही एकमेकींकडे बघेनात, त्यामुळे घरात अशी शांतता झाली की शालनचा नवरा पेढे घेऊन आला.

मला हे सगळं सांगताना आजही हसू येतं, पण पुढचं जे झालं त्यात चूक माझी होती आणि ती मला चांगलीच टोचते.

एका पानावर एक माणूस मोठा धोंडा डोंगरावर ढकलत चाललेला होता. मी वाचलं, "हा राजा मोठा धोंडा डोंगरावर ढकलतो." गोष्ट पुढच्या पानावर होती. तेवढ्यात केंद्रातला शिपाई धावत आला, लसीकरणाची जीप उभी आहे म्हणाला, आणि मी पुस्तक मिटून गेले. गयाक्कानं त्या अर्ध्या गोष्टीचा अर्थ लावला. नेटानं काम करणाऱ्या माणसासाठी हे चित्र.

आणि नेटानं काम करणारा माणूस लगेच मिळाला. बप्पा. जमीनदार माणूस, पांढरे कपडे, पांढरी जीप, आणि निवडणुकीचा भयंकर नाद. सोसायटी, ग्रामपंचायत, बाजार समिती, पंचायत समिती, चारही ठिकाणी पडलेला. पाचवी निवडणूक तोंडावर होती. बप्पांनी उजव्या हातावर तो राजा काढून घेतला, चांगला वीतभर, आणि प्रचारात बाही वर करून सगळ्यांना दाखवत हिंडले. मी दोन-तीन आठवड्यांनी पुढचं पान उलटलं. तो धोंडा वर पोचायच्या आत दर खेपेला खाली गडगडतो, आणि राजानं तो पुन्हा ढकलायचा, कायमचा. देवांची शिक्षा. मी पुस्तक मिटलं आणि कोणाला काही बोलले नाही. म्हटलं, निवडून आले म्हणजे मी सुटले.

बप्पा पडले.

आणि त्यांचा एक पुतण्या औरंगाबादला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता, त्यानं नेमक्या त्याच आठवड्यात घरी येऊन काकांचा हात पाहिला. "काका, हा सिसिफस! हा कधीच जिंकत नाही!" असं म्हणून तो हसला म्हणतात. बप्पा जेवणावरून उठले.

दुसऱ्या दिवशी आमच्या केंद्रात अर्ज. बाजारातील गोंदणाऱ्या बाईच्या अशुद्ध सुईमुळे जनतेच्या आरोग्यास धोका असून सदर धंदा कायमचा बंद करावा. बप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, "शिस्टर, अर्जात धोंड्याचं नाव घेता येत न्हाई, म्हणून सुई लिवली. पण समजून घ्या. त्या बाईनं मला पनवती लावली." डॉक्टर बप्पांना घाबरत. मला म्हणाले, "बाजाराच्या दिवशी जा, पंचनामा करा, अहवाल द्या. जे लिहाल त्यावर मी सही करतो." म्हणजे गयाक्काची सुई चालायची की थांबायची हे माझ्या हातात, आणि घोळ घालणारीही मीच.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी गयाक्का केंद्रात आली. ती तिथे कधी येत नसे. पेशंटच्या बाकावर बसली, पदरानं तोंड पुसलं.

"शिस्टर, खरं असंल त्ये लिव. माझ्यासाठी खोटं लिवू नको. पण एक सांगते. माझी माय मेली तवा तिनं मला ना सोनं दिलं, ना जमीन. ह्यो हात दिला. ह्यो बंद झाला तर मी नुसती कुंकवाच्या दुकानातली म्हातारी. मला भ्या वाटतंय गं."

गयाक्काला भीती वाटते हे मला पहिल्यांदाच कळलं. मी तिला चहा दिला. खरी गोष्ट ओठावर आली होती, पण माझा धीर झाला नाही, याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर ही गर्दी. एका बाजूला बप्पा आणि त्यांची माणसं, दुसऱ्या बाजूला दंड उघडे टाकून सगळे हमाल. शालन आणि तिची सासू दोघी आल्या होत्या, पाठीला पाठ लावून उभ्या. मी सुया पाहिल्या, पातेलं पाहिलं, वहीत लिहिलं. बप्पा ओरडले, "सुयाचं राहू द्या! इनं मला हरणारा राजा काढला!"

गयाक्कानं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. "वाच शिस्टर. मोठ्यानं."

मग मात्र मी सगळं वाचलं. दोन्ही पानं. आणि म्हणाले, "अक्का, मी तेव्हा अर्धंच सांगितलं होतं. चूक माझी आहे."

"बघा!" बप्पा म्हणाले. "म्हंजी दोष हाय!"

"दोष मागून वाटून घिऊ," गयाक्का म्हणाली. तिचं लक्ष चित्रात होतं. "शिस्टर, धोंडा खाली आल्यावर ह्यो घरी जातो का?"

"नाही. परत ढकलतो."

"रडतो का?"

"तसं लिहिलेलं नाही."

"बप्पा, तुमी किती खेपा पडलात?"

"पाच," बप्पा म्हणाले. आवाज जरा उतरला होता.

"अन् साव्याला उभं ऱ्हाणार का?"

"ऱ्हाणार की! कावून न्हाई ऱ्हाणार?"

"मंग चित्र चुकलं कुठं?"

मोंढा हसायला लागला. बप्पांची माणसंसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसली. बप्पांचा चेहरा असा पडला की मला त्यांची दया आली. गयाक्कालाही आली असावी. ती एकदम मऊ आवाजात म्हणाली, "आवो, पण मला एक कळंना. ह्यो राजा एवढा शाना, अन् दम लागल्यावर धोंड्याखाली अडण लावायचं ह्येला सुचलं न्हाई व्हय? मांजरसुंब्याच्या घाटात ट्रक बंद पडला तर क्लिनर पयल्यांदा काय करतो?"

"चाकामागं दगड लावतो," मारुती हमाल म्हणाला.

"तेच तर. ह्येच्याकडं क्लिनर नव्हता. द्या इकडं हात बप्पा. गोंदलेलं पुसता येत न्हाई, पण अडण लावता येतं."

बप्पा इकडे तिकडे बघायला लागले. मग हळूच पुढे येऊन गोणपाटाखाली बसले, बाही वर केली, आणि म्हणाले, "सुई नवी हाय ना?"

नवी सुई काढली. ती पातेल्यात गेली. स्टोव्ह पेटला आणि अप्पांनी डोळे मिटून माळ हातात घेतली. आता चार माळा होईपर्यंत काहीच करायचं नव्हतं. शंभरेक माणसं त्या उन्हात एका चहाच्या पातेल्याकडे बघत उभी. दुसऱ्या माळेला बप्पांचे ओठ हलायला लागले, तेही शिवभक्तच. तिसऱ्या माळेला हमाल म्हणायला लागले. चौथ्या माळेला अख्खा बाजार नमः शिवाय म्हणत होता आणि पलीकडून जाणाऱ्या एसटीतली माणसं इथे कसलं देऊळ आहे म्हणून खिडकीतून हात जोडत होती.

गयाक्कानं धोंड्याच्या बुडाशी एक छोटा तिकोनी दगड काढला. दोन मिनिटांचं काम.

"आणखी एक लाव की, खात्रीला," बप्पा म्हणाले.

"एकच बास. ट्रकला बी एकच लावतेत."

त्या दगडासमोर हजारो वर्षांची देवांची शिक्षा संपली, आणि कुणाला त्याचं काही विशेष वाटलं नाही. माणसं भाजी घ्यायला पांगली. मी अहवालात लिहिलं की प्रत्येकाला नवीन सुई वापरली जाते व ती एकवीस मिनिटे उकळली जाते, अर्जदारानं स्वतः त्याच ठिकाणी गोंदून घेतलं असून त्यांची तक्रार नाही. डॉक्टरांनी सही केली. गयाक्काला सांगायला गेले तर ती माझा हात धरून नुसती बसली, मग एकदम, "चहा सांगते," म्हणून ओरडली. माझे कान बधिर झाले.

पुढच्या निवडणुकीला सरपंचाची जागा बायकांसाठी राखीव निघाली. बप्पांना उभंच राहता येईना. मग त्यांच्या बायकोला, काकूंना, उभं केलं आणि काकू पहिल्याच झटक्यात निवडून आल्या. मिरवणुकीत ट्रॅक्टरवर बप्पा बाही वर करून उभे, "धोंडा थांबला! धोंडा थांबला!" गयाक्का दुकानातून बघत मला म्हणाली, "धोंडा थांबला खरा. पण वर जाऊन काकू बसली." काकूंनी नंतर बप्पांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत पाऊल ठेवू दिलं नाही, तो भाग वेगळा.

अडणीचं नाव मात्र झालं. राजा नको, धोंडा नको, नुसता तो तिकोनी दगड पाहिजे म्हणून लोक यायला लागले. ऊसतोडीला निघणारी जोडपी निघायच्या आधी येऊन दोघांच्या मनगटावर एकेक काढून घ्यायची. घाटातून गाडी नेणारा एक ड्रायव्हर आला. एका बाईनं तो अंगठ्यावर काढून घेतला, "नवऱ्याला लावायचाय" म्हणाली. बाहेरच्या माणसाला तो नुसता एक ठिपका वाटायचा. आमच्याकडच्यांना एकमेकांचे हात बघून कळायचं की ह्याचंही काही तरी कुठे तरी घसरत होतं. ती अर्धी गोष्ट सांगितल्याबद्दल गयाक्का मला कधी एका शब्दानं बोलली नाही, आणि ती बोलली नाही याचंच मला जास्त वाटत राहिलं.

मग माझी बदली गेवराईकडे, उमापूरच्या बाजूला झाली. जाणं-येणं तुटलं. अप्पा गेल्याचं मला फार उशिरा कळलं.

तिला शेवटचं पाहिलं ते कपिलधारच्या यात्रेत. धबधब्याकडे जाणाऱ्या वाटेवर आवाज ऐकू आला, आणि आवाजावरून शोधत गेले. गोणपाटाच्या सावलीत बसली होती, बरीच वाळलेली, कपाळावर विभूती, शेजारी स्टोव्हवर पातेलं. मला बघून उठायला लागली, मीच बसवलं. हातात हात घेतला तर तो थरथरत होता, थांबतच नव्हता.

"अक्का, हे कधीपासून?"

"अप्पा गेल्यापास्नं. माळ बी मीच ओढते आता. हात कापतो, दोन-दोन मणी सरकतेत. म्हणून चाराच्या जागी पाच ओढते, तुझ्या भ्यानं."

मला हसावं की रडावं कळेना. मी विचारलं, "मग गोंदणं?"

"सरळ रेघ येत न्हाई गं आता. माणूस काढाया गेले तर वांगं होतंय. लई दिवस बसून रडले." मग तिचा चेहरा एकदम पहिल्यासारखा मिश्किल झाला. "मंग एक दिवस ध्यानात आलं, सरळ रेघ लागतीच कशाला? आता मी फकस्त पाणी काढते."

मागे खरोखरच रांग होती. नवी सुई लावून तिनं समोरच्या बाईचं मनगट धरलं. मशीन सुरू झाली आणि तो कापणारा हात पुढे सरकला, आणि कातडीवर एकाखाली एक लाटा उठत गेल्या. एकही लाट दुसरीसारखी नाही. मी इतकी वर्षं तिचं काम पाहिलं होतं, पण इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं.

ती बाई पाटोद्याकडच्या दुष्काळी भागातली होती. वेदनेनं डोळे मिटून तिनं विचारलं, "अक्का, ह्येनं पाऊस पडंल का वो?"

"पडंल न्हाई तर न पडंल," गयाक्का म्हणाली. "पण ह्ये उन्हाळ्यात आटायचं न्हाई."

बाईनं डोळे उघडले, हाताकडे पाहिलं आणि दुसराही हात पुढे केला.